ग्रहीय तेजोमेघाचा फोटो आणि नव्याचा शोध: सातारा-सांगलीकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

हंस तारकासमूहातला चंद्रकोर तेजोमेघ, म्हणजे एनजीसी या सूचीतला क्रमांक ६८८८, हा आकाशाचे फोटो काढणाऱ्यांचा जुना आवडता विषय. त्याच्या अगदी शेजारी, हायड्रोजनच्या पसरट लालीत बुडालेला एक पुसट गोल मात्र २००८ पर्यंत कुणाच्या नोंदीत नव्हता. डेव्ह ज्युरासेविच या अमेरिकी हौशी निरीक्षकाने १६० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून तो जून २००७ मध्ये टिपला आणि ६ जुलै २००८ ला पुन्हा टिपला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला कीथ क्वात्रोकी आणि मेल हेल्म यांच्या फोटोतही तो स्वतंत्रपणे आला आणि त्यांनी तो आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला कळवला. आज तो ‘सोप बबल’ म्हणून ओळखला जातो. तो एक ग्रहीय तेजोमेघ आहे, म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्याने सोडून दिलेल्या वायूचं उजळलेलं आवरण.

ऑस्ट्रियाच्या मथियास क्रोनबर्गर या हौशी निरीक्षकाने तर सर्वेक्षणाच्या जुन्या प्रतिमा संगणकावर चाळूनच एक नवा ग्रहीय तेजोमेघ शोधला. केप्लर ही अवकाश दुर्बीण ज्या भागावर नजर ठेवून होती तिथलाच तो, २०११ मध्ये जाहीर झालेला क्रोनबर्गर ६१. आणि २०२२ मध्ये यान सेंटी, मार्सेल ड्रेक्सलर व झेव्हियर स्ट्रॉटनर यांना देवयानी दीर्घिकेच्या बाजूला ऑक्सिजनच्या प्रकाशात एक भलीमोठी कमान दिसली. देवयानीइतके फोटो क्वचितच कुठल्या दीर्घिकेचे निघाले असतील, पण त्या एका रंगात इतका वेळ तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

हा लेख त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या भागातल्या माणसासाठी आहे. कॅमेरा आहे, महिन्यातून दोन-चार रात्री काढायची तयारी आहे आणि गाडीने तासा-दोन तासांत गाठता येईल असं माळरान आहे, एवढं धरून चालतो. माझं मत आधीच सांगतो: फोटो काढणं हा यातला सोपा भाग. एखादा अनोळखी ठिपका खरा आहे की खोटा, नवा आहे की जुना, हे तपासण्यात निम्म्याहून अधिक वेळ जातो, आणि शोध लागतो तो तिथेच.

कशाच्या मागे लागायचं

सूर्यासारखा किंवा त्याच्या सात-आठ पटींपर्यंत वस्तुमानाचा तारा म्हातारपणी फुगून तांबडा राक्षसी होतो आणि बाहेरची आवरणं अवकाशात सोडून देतो. मागे उरलेला गाभा इतका तप्त असतो की त्याच्या अतिनील प्रकाशाने तो सुटलेला वायू उजळतो. हाच ग्रहीय तेजोमेघ. वायू सेकंदाला साधारण २०-३० किलोमीटर वेगाने पसरत राहतो आणि काही हजार ते काही दशसहस्र वर्षांत विरून जातो. गाभ्याचा श्वेत बटू होतो. ताऱ्याच्या आयुष्यात हा काळ फार छोटा, म्हणून आपल्या आकाशगंगेत आजवर साडेतीन-चार हजारांच्या आसपासच असे तेजोमेघ नोंदले गेलेत. बाकीचे धुळीआड तरी आहेत किंवा इतके पुसट आहेत की दिसत नाहीत.

विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ चा वर्णपट घेतला, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडून पाहिला, तेव्हा ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसण्याऐवजी थोड्या तेजस्वी रेषाच दिसल्या. त्यातली सर्वांत ठळक हिरवी रेषा कुठल्या मूलद्रव्याची, हे कोडं सुटायला १९२७ उजाडावं लागलं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा आहे, असं आयरा बोवेन यांनी दाखवलं. हौशी मंडळी तिला ओ-थ्री म्हणतात. तिची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. शेजारी ४९५.९ वर तिची जोडीदार असते, तिच्या एक तृतीयांश तेजाची. हायड्रोजनची लाल एच-अल्फा रेषा ६५६.३ वर. हे तीन आकडे पाठ करा. फिल्टर घेताना, फोटो तपासताना आणि शेवटी शास्त्रज्ञाला पत्र लिहिताना हेच लागणार आहेत.

न सापडलेले तेजोमेघ ढोबळमानाने दोन प्रकारचे. काही इतके लहान की ताऱ्यासारखेच दिसतात. काही मोठे, म्हातारे, अत्यंत फिके. पहिले शोधायला मोठ्या दुर्बिणी आणि वर्णपट लागतात. दुसऱ्यांना लागतो फक्त वेळ, आणि आपल्यासारख्यांची जागा तिथे आहे.

जागा कुठली आणि रात्र कुठली

साताऱ्यात आकाश बघायचं म्हटलं की कास, ठोसेघर, महाबळेश्वर ही नावं पुढे येतात. या कामासाठी माझी पहिली पसंती तिकडे नाही. घाटमाथ्यावर पावसाळ्यानंतरही धुकं आणि दमटपणा रेंगाळतो. कास पठार जागतिक वारशात आहे, तिथे रात्री तिपाया रोवत फिरणं योग्यही नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे रात्रभर लुकलुकतात आणि वारा माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा आधार, स्थिर राहू देत नाही.

पूर्वेला चला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. ज्या कोरडेपणाने माण-खटाव, आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळच्या पिढ्यांना छळलं, तोच आपल्याला मोकळ्या रात्री देतो. दहिवडी-म्हसवडच्या पलीकडची माळरानं, शिखर शिंगणापूरच्या डोंगराचा परिसर, सांगलीकरांसाठी जतच्या पूर्वेचा उघडा भाग, इथे क्षितिजही मोकळं मिळतं. मिरजेजवळचा दंडोबा सोयीचा आहे, पण पश्चिमेला सांगली-मिरजेचा उजेड राहतो. म्हणून तिथून पूर्वेचं आणि डोक्यावरचं आकाश घ्यावं, मावळतीकडे गेलेलं लक्ष्य सोडून द्यावं. जागा नक्की करण्याआधी एकदा दिवसा जाऊन या. शेतीला रात्रपाळीची वीज असेल तर विहिरींवर दिवे असतात, आणि ते नेमके कुठे आहेत हे दिवसाच कळतं.

कृष्णाकाठ आणि वारणाकाठ थंडीत टाळा. तिथे दव इतकं पडतं की तासाभरात भिंग पाणावतं. गाळप हंगामात पाचट पेटवल्याचा आणि गुऱ्हाळांचा धूर खाली तरंगत राहतो. कराड, पाटण, शिराळ्याच्या उसात बिबट्याचा वावर आहे, हेही विसरू नका.

रात्र निवडायला घरातलं कॅलेंडर पुरतं. वद्य अष्टमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री ओ-थ्रीसाठी राखून ठेवायच्या. वद्य अष्टमी-नवमीला मध्यरात्रीपर्यंतच अंधार मिळतो, तेवढा घ्यायचा. चंद्रप्रकाशाचा ओ-थ्रीला जास्त त्रास होतो, एच-अल्फाला कमी, म्हणून शुद्ध पक्षातल्या रात्री एच-अल्फाला द्याव्यात. दिवाळीची अमावास्या ऋतूच्या दृष्टीने उत्तम, पण फटाक्यांचा धूर बसायला दोन-तीन दिवस जाऊ द्या.

ऋतूची एक अडचण आपल्या वाट्याला हमखास येते. हंस, स्वरमंडळ, गरुड यांचा समृद्ध पट्टा मध्यरात्री माथ्यावर येतो तो जुलैत, म्हणजे ऐन पावसात. तो आपल्याला एप्रिल-मेच्या पहाटे आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळीच नीट मिळतो. उलट मृगाच्या पलीकडचा मिथुन, शृंगाश्व आणि नौका हा पट्टा जानेवारी ते मार्च, म्हणजे आपल्या सर्वांत कोरड्या महिन्यांत, रात्री वर असतो. हा मुद्दा पुढे शोधाच्या वेळी कामाला येईल.

निघण्याआधी गावच्या पोलीस पाटलांना किंवा रानाच्या मालकाला फोन करा. ‘आबा, ताऱ्यांचे फोटो काढायला येतोय, रात्रभर थांबणार, आग पेटवणार नाही,’ एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी चहाची विचारणा होते. न सांगता अंधारात लाल दिवा घेऊन बसलेला माणूस गावाला खटकणारच. बूट घोट्याच्या वरचे हवेत. फुरसं आणि घोणस दोन्ही या मातीत आहेत. सामानाच्या पेट्या जमिनीवर उघड्या ठेवू नका आणि हात घालण्याआधी बॅटरीचा उजेड टाका.

सामान

मोठ्या दुर्बिणीपासून सुरुवात करू नये. पुसट, पसरट वस्तूसाठी भिंगाच्या व्यासापेक्षा फोकल रेशो (फोकल लांबी भागिले व्यास, म्हणजे एफ ४, एफ ५ हे आकडे) आणि एकूण वेळ महत्त्वाचा. माझी शिफारस: ३०० ते ४०० मिलिमीटर फोकल लांबीची छोटी रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण, किंवा चांगली टेलिफोटो लेन्स, तिच्याखाली मार्गदर्शक कॅमेऱ्यासह (यालाच गाइडिंग म्हणतात) चालणारा, आकाशाच्या फिरण्याबरोबर फिरणारा इक्वेटोरियल माउंट, आणि ७ नॅनोमीटर किंवा त्याहून अरुंद पट्ट्याचा ड्युअल-बँड फिल्टर, जो एच-अल्फा आणि ओ-थ्री एकाच वेळी आत सोडतो. पैसे जिथे खर्चायचे तिथे माउंटवर खर्चा. फिल्टर खूप अरुंद आणि लेन्स एफ २ सारखी उघडी असेल तर तिरपे किरण फिल्टरचा पट्टा सरकवतात आणि ओ-थ्री बाहेर राहू शकतो. लेन्स एफ ४ पर्यंत बंद करून वापरा.

एका पिक्सेलमध्ये किती आकाश मावतं ते काढायला सोपं सूत्र आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, फोकल लांबीने भागा. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ४०० मिलिमीटरची दुर्बीण असेल तर उत्तर येतं १.९ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). एपीएस-सी सेन्सरवर सुमारे ३.४ बाय २.२ अंशांचं आकाश मावतं. शोधासाठी हा मेळ मला सर्वांत समाधानकारक वाटतो. १३५ मिलिमीटरची लेन्स दहा अंश रुंद आकाश घेते, पण पिक्सेल पावणेसहा विकलांचा होतो. सोप बबलचा व्यास सुमारे २६० विकला आहे, म्हणजे त्या लेन्समध्ये तो ४५ पिक्सेलचा येईल. ओळखू येण्याइतपत.

सीस्टार एस ५० सारखी स्मार्ट दुर्बीण अनेकांकडे आली आहे. ५० मिलिमीटर व्यास, २५० मिलिमीटर फोकल लांबी, २.९ मायक्रॉन पिक्सेल, म्हणजे २.४ विकला. सरावाला ती उत्तम आहे. शोधालाही चालेल, फक्त तिच्यातला फिल्टर रुंद पट्ट्याचा असल्याने वेळ बराच जास्त द्यावा लागेल.

बाकी यादी लहान आहे. १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, भिंगावरचं दव रोखणारा ड्यू हीटर, फोकस लावायला पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा बाहतिनोव्ह मुखवटा, लाल बॅटरी आणि लॅपटॉप. सॉफ्टवेअर सगळं फुकट मिळतं: आकाश बघायला स्टेलेरियम, कॅमेरा-माउंट चालवायला निना, गाइडिंगला पीएचडी २, प्रक्रियेला सिरिल, पार्श्वभूमी सपाट करायला ग्राएक्सपर्ट, तारे काढून टाकायला स्टारनेट.

ध्रुव इथे फार खाली आहे

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि परदेशी व्हिडिओ पाहून तो लावणारा इथे अडतोच. साताऱ्याचा अक्षांश १७.७, सांगलीचा १६.९, तेवढ्याच उंचीवर ध्रुवतारा. तो बऱ्याचदा टेकडीआड, नाहीतर क्षितिजाजवळच्या धुळीत हरवलेला. शिवाय अक्ष इतका आडवा झाला की अनेक माउंटचा वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो, आणि काही माउंट तेवढे खाली उतरतच नाहीत. विकत घेण्याआधी अक्षांशाची किमान मर्यादा विचारा. दांडा अडत असेल तर एक पाय नेमका उत्तरेला न ठेवता दक्षिणेला वळवून बघा, किंवा तिपाई आणि माउंटमध्ये विस्तारक नळी बसवा.

ध्रुव दिसत नसेल तरी संरेखन अडत नाही. निनातली तीन-बिंदू पद्धत आकाशाच्या कुठल्याही भागातले तीन फोटो घेऊन ताऱ्यांवरून अक्षाची चूक काढते. होकायंत्राने उत्तर धरा, कोनमापकाने उंची १७-१८ अंशांना लावा आणि मग तिच्या सांगण्याप्रमाणे बोल्ट फिरवा. चूक दोन-तीन कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत आली की थांबा, पुढचं गाइडिंग सांभाळतं.

आधी माहीत असलेले

अनोळखी वस्तू ओळखायची तर ओळखीच्या वस्तू आपल्याच कॅमेऱ्यात कशा येतात ते डोळ्यात बसलं पाहिजे.

ऑक्टोबरच्या संध्याकाळी अभिजित ताऱ्यापासून सुरुवात करा. त्याच्या खाली ताऱ्यांचा छोटा समांतरभुज चौकोन आहे. त्याच्या खालच्या दोन ताऱ्यांच्या मधोमध एम ५७ (मेसियेच्या सूचीतला ५७ वा), कंकण तेजोमेघ. सुमारे ८० विकला रुंद, म्हणजे सीस्टारमध्ये जेमतेम ३३ पिक्सेल. तो लहानच येणार, त्याने निराश होऊ नये. शर तारकासमूहाच्या टोकाच्या ताऱ्यापासून उत्तरेला तीन अंशांवर एम २७. चार्ल्स मेसियेने १७६४ मध्ये नोंदलेला हा पहिला ग्रहीय तेजोमेघ आठ कला लांब आहे, आणि आपल्याकडे तो जवळजवळ डोक्यावरून जातो. साध्या द्विनेत्रीतही धुकट ठिपका म्हणून दिसतो.

मग कुंभेतला हेलिक्स, एनजीसी ७२९३. याच्यावर सर्वाधिक वेळ घालवा असं मी आग्रहाने सांगेन. मुख्य कडं पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीचं आहे, पण प्रकाश इतका पसरलेला की डोळ्याला फार फिकं. आपल्याला नंतर जे शोधायचं आहे त्याच्या स्वभावाचं हेच. साताऱ्याहून ते ५१ अंशांपर्यंत वर येतं. लंडनला ते आपल्या ध्रुवताऱ्याइतकंच, १७-१८ अंशांवर राहतं. ऑक्टोबरच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास ते दक्षिणेला सर्वांत उंच असतं.

फेब्रुवारीत व्याधाच्या पूर्वेला १४ अंशांवर एम ४६ हा तारकागुच्छ बघा. त्याच्या ताऱ्यांच्या गर्दीत एनजीसी २४३८ हे एका कलेच्या रुंदीचं कडं आहे. शोधाचा हा उत्तम सराव: फोटो काढा, आणि नकाशा न बघता त्यात ते शोधा. एप्रिलमध्ये सप्तर्षीतला घुबड तेजोमेघ, एम ९७, आणि वासुकीतला एनजीसी ३२४२ करून टाका.

फोटोची रात्र

फोकस मुखवट्याने लावा आणि तापमान उतरत जाईल तसा दर तासाला तपासा. ड्युअल-बँड फिल्टर आणि एफ ५ असेल तर एक फ्रेम ३०० सेकंदांची ठेवा. गाइडिंग नसेल तर १२० पर्यंत थांबा. प्रत्येक दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल सरकवण्याची सोय, म्हणजे डिदरिंग, चालू ठेवाच. सेन्सरचे दोष त्यामुळे ताऱ्यांच्या सापेक्ष हलत राहतात आणि स्टॅकिंगमध्ये, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचताना, पुसले जातात. शोधकार्यात डिदरिंग नसलेला डेटा मी विश्वासात घेत नाही.

त्याच तापमानाच्या, त्याच लांबीच्या २०-३० डार्क फ्रेम, म्हणजे भिंग झाकून घेतलेल्या फ्रेम, घ्या. थंड न होणाऱ्या कॅमेऱ्याला एप्रिल-मेच्या उकाड्यात गोंगाट, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, फार येतो. त्या महिन्यांत डार्क रात्रीच्या मध्यावर आणि शेवटी अशा दोनदा घ्याव्यात. पहाटे फटफटताना भिंगावर स्वच्छ पांढरा कपडा ताणून फ्लॅट फ्रेम घ्या. फ्लॅटचा कंटाळा करणाऱ्याने नव्या तेजोमेघाची आशा सोडावी. फिल्टरवरच्या धुळीचा एक कण फोटोत हुबेहूब फिकं गोल कडं काढतो.

एकूण वेळ किती? सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं. एका तासाचं चित्र दुप्पट स्वच्छ करायला चार तास लागतात, आणखी दुप्पट करायला सोळा. एम २७ दोन तासांत सुरेख येतो. त्याच्याभोवतीचं बाहेरचं आवरण यायला दहाच्या पुढे जावं लागतं. शोधाच्या चौकटीला मी ओ-थ्रीचे वीस तास हे किमान मानतो, आणि ते दोन-तीन महिन्यांच्या अंधाऱ्या रात्रींत मिळून झाले तरी चालतात.

संगणकावर

सिरिलमध्ये रंगीत कॅमेऱ्याच्या फ्रेममधून एच-अल्फा आणि ओ-थ्री वेगळं काढणारी तयार स्क्रिप्ट आहे. ती चालवून दोन स्वतंत्र करड्या प्रतिमा मिळवा. रंगीत चित्र नंतर. प्रत्येकीची पार्श्वभूमी सपाट करा, पण हलक्या हाताने. जोर लावला तर मोठा फिका तेजोमेघही पार्श्वभूमी समजून पुसला जातो. मग स्टारनेटने तारे काढा, चित्र चार बाय चार पिक्सेल एकत्र करून लहान करा आणि उलटं करा, म्हणजे काळं आकाश पांढरं. मानवी डोळ्याला पांढऱ्यावरचा करडा डाग काळ्यावरच्यापेक्षा लवकर दिसतो. आता खोलीतले दिवे घालवून, काही घाई न करता, ओ-थ्रीची प्रतिमा बघा. जे ओ-थ्रीमध्ये गोल, अंडाकृती किंवा दोन पाकळ्यांचं दिसतं आणि एच-अल्फात दिसत नाही किंवा वेगळं दिसतं, तिथे खूण करा.

शोध कुठे घ्यायचा

आकाशगंगेचा उत्तरेकडचा पट्टा, हंस आणि शर्मिष्ठा, युरोप-अमेरिकेच्या कॅमेऱ्यांनी विंचरून काढला आहे. आपण त्यांच्या अंगणात नंतर जावं. आपला फायदा दक्षिणेला, खगोलीय विषुववृत्तापासून उणे १५ ते उणे ४० अंशांच्या पट्ट्यात आहे. तो आपल्याला क्षितिजापासून ३२ ते ५७ अंश उंचीवर मिळतो आणि त्यातली नौका आपल्या कोरड्या महिन्यांत वर असते.

दुसरी गोष्ट, आकाशगंगेच्या प्रतलापासून, म्हणजे तिच्या पट्ट्याच्या मध्यरेषेपासून, थोडं बाजूला पाहा. आयफास आणि व्हीफास या मोठ्या एच-अल्फा सर्वेक्षणांनी प्रतलाच्या दोन्ही बाजूंचे पाच-पाच अंश झाकले आहेत. पाच ते पंधरा अंशांचा भाग बहुतांशी त्यांच्या चौकटीबाहेर राहतो. नौकेतल्या अशा पट्ट्याचे चौकोन पाडा, प्रत्येकाला एक हंगाम द्या.

पावसाळ्याचे चार महिने वाया घालवायचं कारण नाही. स्ट्रासबुर्गच्या केंद्राचं अलादीन हे फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि अमेरिकेतल्या पालोमार आणि ऑस्ट्रेलियातल्या वेधशाळेच्या जुन्या छायाचित्र-काचांवरून तयार झालेलं डीएसएस सर्वेक्षण लावा. निळी आणि लाल प्रतिमा आलटून पालटून दाखवत, फिका गोल शोधत पुढे सरका. क्रोनबर्गर आणि त्यांचे सहकारी असंच काम करत आले आहेत. म्हसवडला ढग असले तरी हे काम घरी चालू राहतं, आणि ऑक्टोबरमध्ये दुर्बीण कुठे रोखायची याची यादी तयार होते.

पडताळणी

खूण केलेला ठिपका खरा आहे का? आधी आपल्याच उपकरणावर संशय घ्या. चौकटीत तेजस्वी तारा असेल तर त्याचा प्रकाश फिल्टर आणि सेन्सरमध्ये आदळून पुसट वर्तुळं काढतो. दुसऱ्या रात्री कॅमेरा ९० अंशांत फिरवा आणि मध्यबिंदू अर्धा अंश सरकवून पुन्हा फोटो घ्या. परावर्तन ताऱ्यांच्या सापेक्ष हलेल. खरी वस्तू त्याच ताऱ्यांमध्ये बसलेली राहील. शक्य असेल तर मित्राच्या वेगळ्या दुर्बिणीतून आणि वेगळ्या फिल्टरमधून तीच जागा टिपा. रात्री वेगळ्या करून दोन अर्धे स्टॅक बनवा. दोन्हींत दिसलं तरच पुढे जायचं.

मग वस्तू आधी कुणाला माहीत आहे का, ते बघा. फोटो प्लेट-सॉल्व्ह करून, म्हणजे त्यातल्या ताऱ्यांच्या रचनेवरून जागा ओळखून, अचूक निर्देशांक काढा आणि सिम्बाद या सूचीत त्याभोवती पाच कलांचा शोध घ्या. त्यानंतर हाँगकाँग विद्यापीठाची हॅश सूची. ग्रहीय तेजोमेघांची ती सर्वांत संपूर्ण नोंद आहे, आणि त्यात खात्रीचे, संभाव्य आणि शक्य अशा पायऱ्या आहेत. फ्रेंच हौशी मंडळींनी स्वतःच्या उमेदवारांची वेगळी यादी ठेवली आहे, तीही चाळा. बहुतेक खुणा इथे गळतात. जे गळलं ते आपण स्वतंत्रपणे शोधलं, हे डोळा तयार होत असल्याचं लक्षण आहे.

उरलेल्याला प्रश्न विचारायचे. ही दूरची फिकी दीर्घिका तर नाही? दीर्घिकेचा प्रकाश सलग वर्णपटाचा असतो, म्हणून फिल्टर काढून घेतलेल्या फोटोतही ती तेवढीच ठळक राहते. ग्रहीय तेजोमेघ ओ-थ्रीमध्ये उठून येतो. एखाद्या मोठ्या हायड्रोजन ढगाचा तुकडा तर नाही? वाइज या अवरक्त सर्वेक्षणात बघा. ताराजन्माच्या ढगांभोवती १२ मायक्रॉनला धुळीचं जाळं चमकतं. अतिनवताऱ्याच्या अवशेषाचा धागा तर नाही? आजूबाजूला दोन-तीन अंशांत तसेच वाकडे धागे आहेत का ते तपासा.

शेवटी मधला तारा शोधा. अलादीनवर गाया या अवकाश दुर्बिणीची ताऱ्यांची सूची चढवून केंद्राजवळचा सर्वांत निळा तारा बघा. बीपी वजा आरपी (निळ्या आणि लाल पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक) हा रंगांक शून्याखाली असेल तर उमेद धरायला हरकत नाही. प्रतलाजवळ धूळ त्याला लालसर करते, तेव्हा आजूबाजूच्या ताऱ्यांशी तुलना करा. गॅलेक्स या अतिनील सर्वेक्षणात तोच तारा तेजस्वी असेल तर प्रकरण भक्कम झालं. मोठ्या म्हाताऱ्या तेजोमेघात तारा केंद्रापासून थोडा सरकलेलाही असतो, हे लक्षात ठेवा.

कळवायचं कसं

अंतिम शिक्कामोर्तब वर्णपटच करतो. ५००.७ आणि ४९५.९ या रेषा तीनास एक प्रमाणात, आणि ऑक्सिजनची रेषा शेजारच्या हायड्रोजनच्या ४८६.१ रेषेपेक्षा बरीच उंच, असं चित्र दिसलं पाहिजे. इतक्या फिक्या वस्तूचा वर्णपट आपल्या दुर्बिणीतून मिळणं अवघड, म्हणून मदत घ्या. हॅश सूची चालवणारा गट आणि वर्णपट घेणारे फ्रेंच हौशी गट असे उमेदवार तपासतात. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी खगोलाचं काम करते, आयुका हे संशोधन केंद्रही पुण्यातच आहे. परदेशी पत्र धाडण्याआधी अशा ठिकाणच्या अनुभवी माणसाला फोटो दाखवून घ्यावा.

पत्र छोटं असावं. वस्तूचे निर्देशांक, व्यास, आकार. फोटोची तारीख, ठिकाण, दुर्बीण, फिल्टर, एकूण तास. ओ-थ्री आणि एच-अल्फाच्या वेगवेगळ्या, फारशा न रंगवलेल्या प्रतिमा. दुसऱ्या उपकरणातला फोटो. कुठल्या सूच्या तपासल्या. संभाव्य मध्यताऱ्याचा गाया क्रमांक. मूळ फाइली जपून ठेवा, कुणीही मागू शकतं. ‘नवा ग्रहीय तेजोमेघ सापडला’ असं लिहू नका, ‘उमेदवार’ लिहा. तो स्वीकारला गेला तर त्याला पीएन जी आणि पुढे आकाशगंगीय रेखांश-अक्षांश असा क्रमांक मिळतो. सोप बबलचा पीएन जी ७५.५+१.७ याच पद्धतीचा. सोबत शोधकाच्या नावाची आद्याक्षरंही चालतात.

वेळेचं भान मात्र ठेवा. नौकेतला उमेदवार मेच्या मध्यापर्यंत अंधार पडताच पश्चिमेला कलतो, आणि आपल्याकडे वळवाचे ढग सुरू होतात. दक्षिण गोलार्धातल्या वर्णपट घेणाऱ्यांनाही तोवरच तो हाती लागतो. म्हणून जानेवारीत दिसलेल्या वस्तूची दुसरी रात्र फेब्रुवारीच्या अमावास्येला, सूच्यांची तपासणी त्याच पंधरवड्यात, आणि पत्र मार्च उलटण्याआधी गेलं पाहिजे.